क्लासमधली जोडी

दोघी जावा एकाच घरात राहायच्या, एकाच ओट्यावर स्वयंपाक करायच्या आणि कित्येक वर्षं एकमेकींशी अवाक्षर बोलत नव्हत्या. भांडण कशावरून झालं ते थोरलीलाही आता धड आठवत नव्हतं, पण आधी कोण बोलणार यावर गाडं अडलं होतं.

इंग्रजीच्या क्लासमध्ये सरांनी नेमकी त्यांचीच जोडी लावली. एकीने विचारायचं, दुसरीने उत्तर द्यायचं, काळ चुकवायचा नाही.

"व्हॉट डिड यू डू यस्टर्डे?" थोरलीने विचारलं.

"आय वॉश्ड क्लोद्स."

"आय नो. आय सॉ."

पुढच्या आठवड्यात धाकटीने पुस्तकात नसलेला प्रश्न विचारला, "हॅज युवर बॅक पेन स्टॉप्ड?"

"नॉट येट," थोरली म्हणाली आणि उगाच पदर सारखा करत बसली.

घरी आल्या की पुन्हा तोंडाला कुलूप. थोरली मात्र दिवसभर क्लासची वाट बघायची.

मग परीक्षा आली. पास होतील ते वरच्या वर्गात, नापास होतील ते याच वर्गात. धाकटीची अजून गो, वेंट, गॉनमध्येच गाडी अडकायची, ती काही पास होत नाही, असं थोरलीने धरूनच ठेवलं होतं. थोरलीला सगळं येत होतं. तिने पेपर कोरा दिला.

सरांनी वर्गात पेपर दाखवून निकाल सांगितला. थोरली नापास, धाकटी पास.

घरी येताच धाकटीने पातेलं ओट्यावर आपटलं.



"तुमच्याबरोबर वरच्या वर्गात बसायचं म्हणून मी घोकून घोकून मेले, आणि तुम्ही पेपर कोरा दिलात? अक्कल गहाण टाकली होती का, जाऊबाई?"