विचारलं तरच

बुटाची नाडी आवळता आवळता बारक्याने मान वर न करताच विचारलं, "म्हणजे आज तू बेसवर आणि मी प्लेटमागे. बरोबर ना, दादा?"

"बरोबर." दादाने टोपी झटकली. "वर निरीक्षक येऊन बसलेत. तेव्हा दोघांनी एकमेकांना सांभाळून घ्यायचं."

दादा काही त्याचा भाऊ नव्हता. सॉफ्टबॉलचे झाडून सगळे पंच त्याला दादाच म्हणत. आणि चाळिशी उलटून केस पिकायला लागले तरी दादा याला बारक्याच म्हणायचा.

बारक्या उठला आणि दादाच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. "आठ वर्षांपूर्वीचं मी काही विसरलेलो नाही. आज तुला मला विचारायला यावं लागलं, तर बघू."

दादाच्या हातातली टोपी हातातच राहिली. "अजून तेच उगाळतोयस?"

"अजून तेच."

सकाळी बायकोही हेच म्हणाली होती. "अहो, किती वर्षं तेच धरून बसणार आहात? सोडून द्या ना आता." तिचं बोलायला काय जात होतं!

आठ वर्षांपूर्वी अंतिम सामन्यात बारक्या बेसवर होता आणि दादा प्लेटमागे, म्हणजे फलंदाजाच्या पाठीमागे. पहिल्या बेसवरच्या खेळाडूने चेंडू झेलला, धावणारी चेंडूनंतर पोचली आणि बारक्याने मूठ उगारून तिला आउट दिलं. कोच तणतणत आला. त्याचं म्हणणं, झेलताना त्या खेळाडूचा पाय बेसवरून सुटला होता, म्हणजे धावणारी सेफ. बारक्याची नजर चेंडूवर होती. प्लेटमागून मात्र तो पाय सरळ रेषेत दिसतो, म्हणून तो दादाला विचारायला गेला.

पंचांची याबाबतची रीत पक्की असते. ज्याचा निर्णय, त्यानेच तो बदलायचा. साथीदाराने विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. विचारलंच तर दोघांनी बाजूला जाऊन, तोंडापुढे हात धरून बोलायचं आणि तिथलं बोलणं तिथेच ठेवायचं.

"बेसवरच होता पाय," दादाने सांगितलं होतं. छातीठोकपणे.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. बूट बेसपासून चांगला वीतभर लांब. चौकशीत दादाने कानांवर हात ठेवले. म्हणे, मला काही दिसलं नाही, आणि मी याला तसंच सांगितलं होतं. वरच्या यादीत तेव्हा एकच जागा रिकामी होती. ती दादाला मिळाली. बारक्याच्या नशिबी आले शाळांचे सामने आणि पोरांच्या आयांच्या शिव्या.

असा पाय चार-पाच सामन्यांत एकदा सुटतोच. फक्त तेव्हा बेसवर दादा हवा होता आणि वर निरीक्षक हवे होते. पुढच्या महिन्यात परदेशातल्या मोठ्या स्पर्धेसाठी मुख्य पंच निवडायचा होता. वयाच्या अटीमुळे दादाची ही शेवटची संधी होती. यासाठी तो दोन वर्षं रोज पहाटे पळत होता.

सामना रंगला. शेवटच्या डावात एका धावेचा फरक, दोघी बाद, तिसऱ्या बेसवर एक खेळाडू टपून उभी. फलंदाज मुलीने चेंडू जमिनीलगत मारला आणि ती जीव खाऊन धावली. चेंडू पहिल्या बेसवर आला.

"आउट!" दादाची मूठ वर गेली.

कोच मैदानाकडेच्या डगआउटमधून उसळलाच. "पाय सुटला होता! आंधळे आहात का तुम्ही?"

दादा मुरलेला पंच. त्याने आवाज चढवला नाही, एक पाऊल मागेही घेतलं नाही. "आधी शांत व्हा. तुमचं सगळं ऐकून घेतो. पण बोट खाली."

कोचचं बोट खाली आलं. "साथीदाराला विचारा. एवढंच म्हणणं आहे माझं."

दादाने एकदा वर निरीक्षकांकडे पाहिलं, एकदा प्लेटकडे. बारक्याने मुखवटा काढून काखेत धरला होता. दोघे बाजूला गेले. तोंडापुढे हात आले.

"पाय कुठे होता?" दादाने विचारलं.

ते उत्तर बारक्याने आठ वर्षं मनात घोळवलं होतं. त्याची जीभ अडखळली नाही. दादाच्या डोळ्याला डोळा भिडवून त्याने चार शब्दांत काय ते सांगितलं. आणि मग तो हसला. मुद्दाम.

दादाने त्याचा चेहरा निरखून पाहिला. मग तो वळला आणि मैदानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आउट! निर्णय कायम!"

सामना संपला. ती फलंदाज मुलगी बेसवरच बसून हमसून हमसून रडायला लागली. बारक्याला तिच्याकडे बघवेना. तिने कुणाचं काय वाकडं केलं होतं?

अर्ध्या तासाने निरीक्षक कपडे बदलायच्या खोलीत आले. त्यांनी मोबाइलवरचं चित्रण दोघांसमोर धरलं. बूट आणि बेस यांच्यामध्ये स्वच्छ माती दिसत होती.

"विचारायला गेलात, हे चांगलं केलंत," ते दादाला म्हणाले. "पण शेवटी निर्णय तुमचा होता. स्पर्धेसाठी तुमचं नाव मी देऊ शकत नाही." मग ते बारक्याकडे वळले. "तुम्ही काय सांगितलं होतं यांना?"

"तिथलं बोलणं तिथेच ठेवायचं असतं, साहेब."

निरीक्षकांना जुनं प्रकरण ठाऊक होतं. त्यांनी बारक्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, काहीतरी पुटपुटले आणि निघून गेले.

दादा बाकावर मटकन बसला. बारक्या पायांवरचे पॅड सोडत होता. त्याच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या आणि त्याची त्याला जराही लाज वाटत नव्हती.

दादाने मान वर केली. "सामन्याआधी तूच तोंडावर धमकी दिलीस. मग ऐन वेळी 'पाय सुटलाय, निर्णय फिरव' असं का सांगितलंस मला?"

"कारण पाय सुटला होता, दादा."