ढिगातलं रोप

रोपवाटिकेतल्या पिटुनियाची पानं चितकबरी होऊन आखडली, तेव्हा तपासायला आलेले साहेब माळ्याला म्हणाले, “हा विषाणू तुमच्याच बोटांवरच्या तंबाखूतून आलाय. आता सगळी रोपं उपटून जाळा.”

माळ्याचं तोंड एवढंसं झालं. पहिल्याच आगीत त्याने तंबाखूची डबी टाकली आणि आठ दिवस खाली मान घालून रोपं उपटत राहिला.

शेवटच्या दिवशी बायको आली. ढिगातलं एक रोप उचलून तिने जपून कुंडीत लावलं.

“अगं, रोगट आहे ते. बरं नाही व्हायचं.”

“नाही तर नाही. वीस वर्षं मी कानीकपाळी ओरडले, पण तुमची तंबाखू सोडवली ती या रोपांनी. तुम्ही याला हात लावू नका. जगेल तितके दिवस मीच पाणी घालीन.”