वरची खूण

सेकंडहँड गाडी ऑइल पिते म्हणून वल्लरी दर रविवारी बॉनेट उघडायची, ऑइलची पट्टी पुसून पुन्हा बुडवायची आणि खाली गेलेली पातळी भरून काढायची. नवरा रोज लांब हिंजवडीला ऑफिसला जायचा, त्यात ऑइल हमखास जळायचं. महिनाभर मात्र ते जागचं हललं नव्हतं. आजही पट्टी वरच्या खुणेपर्यंत ओली होती. त्याच्या कंपनीत माणसं कमी केली, तेव्हा “आमची टीम वाचली,” असं तो म्हणाला होता. रोज सकाळी गळ्यात ओळखपत्र अडकवून तो गाडी काढायचा. मग दिवसभर ती उभी कुठे असायची? तेवढ्यात जिन्यावरून त्याचा आवाज आला. “किती कमी झालंय गं?” तिने पट्टी जागेवर खोचली. “बरंच. रोजची धावपळ तुझी. घातलंय मी,” ती म्हणाली आणि सील न फोडलेला ऑइलचा कॅन फडक्याखाली झाकला.