किल्ली म्हणजे घर

माझ्या लेकाला दिसत नाही, ऐकू येत नाही, पायांत बळ नाही. ‘मग कळतं काय?’ तपासणीच्या बाईंनी विचारलं. मी त्याच्या हातात चमचा ठेवला. त्याने आ केला. साबण ठेवला, सदरा काढू लागला. घराची किल्ली ठेवली. घरी निघालो म्हणून खिदळत गळ्यात पडला. ‘हुशार आहे हो! आठवडाभर इथेच ठेवा, नीट तपासते.’ मी तोंड उघडण्याआधी नवऱ्याने मान डोलावली. त्याचं आधीच ठरलेलं. बाईंकडे देताच लेक रडू लागला. नवऱ्याने किल्ली त्याच्या मुठीत दिली. पोरगं हसलं, निघायला हात पसरून बसलं. त्याला सोडून आम्ही निघालो. केसाने नव्हे, किल्लीने गळा कापला! आठवड्याने मी धावत गेले, हातात किल्ली ठेवली. त्याने चाचपून भिरकावली. ‘खूण विसरला वाटतं,’ बाई म्हणाल्या. विसरला असता तर बरं होतं.