सुभेदारांचा रुमाल

डॉक्टरीणबाईंनी स्कॅनच्या पडद्यावर बोट ठेवलं. "मानेतल्या कॅन्सरच्या गाठी विझल्यात. छातीतल्याही. पण कमरेच्या डाव्या अंगाला हा बघा, नवाच ठिपका चमकतोय."

"म्हंजी?" रेश्मा पडद्याकडं सरकली.

"म्हणजे सध्याचं औषध पुरत नाहीये. आणखी जबर औषध द्यावं लागेल. आठ वर्षांच्या पोराला ते सोसायला अवघड आहे."

रेश्मानं तोंडाला पदर लावला. तिच्यामागं तिचे सासरे उभे होते, रहिमतपूरचे रिटायर सुभेदार नाथाजी. ते ठिपक्याकडं बघतच राहिले. नातवाच्या, साईराजच्या नाडीच्या चड्डीचा डावा खिसा नेमका तिथंच होता.

सुभेदारांच्या मिशीला घाम फुटला.

स्कॅनच्या आधी टेक्निशियननं बजावलं होतं, सुईतून दिलेलं चमकणारं औषध लघवीतून बाहेर पडतं, पोराला मोकळं करून आणा. सुभेदारांनी नातवाला परेडला न्यावं तसं नेलं. "सावधान" केलं. आणि ऐन वेळी "फायर!" म्हणून ऑर्डर सोडली. पोराला हसू फुटलं, नेम चुकला, मांडीवरनं ओघळ आला. सुभेदारांनी आपल्या रुमालानं तो टिपला. स्वतःची पँट कडक इस्त्रीची, म्हणून रुमालाची घडी करून पोराच्याच खिशात कोंबली.

"आज्या, आईला सांगू नगंस."

"फौजीचा शब्द."

आता तो शब्द गळ्याशी आला होता.

"मॅडमसाहेब," सुभेदार खाकरले. "जरा घोटाळा झालाय. पोराच्या खिशात ओला रुमाल हाय. त्यो... माझा हाय. मला हल्ली आवरत न्हाई."

रेश्माला सासऱ्यांकडं बघावं की भिंतीकडं, कळेना. तिनं भिंत निवडली.

बाईंनी चष्मा काढला. "आजोबा, सुई तुम्हाला टोचली होती?"

"न्हाई."

"मग तुमचा रुमाल कसा चमकेल?"

सुभेदारांनी मान खाली घातली. बुटांना पॉलिश झकास होतं. त्यात स्वतःचंच तोंड दिसलं, तशी त्यांनी नजर तिथनंही काढून घेतली.

दाराशी उभा असलेला साईराज कानापर्यंत लाल झाला. त्यानं चिमटीत धरून रुमाल बाहेर काढला.

"शू माझी हाय," तो पुटपुटला. "पर आज्यानंच हसवलं."

चड्डी बदलली, कंबर पुसली आणि पोराला पुन्हा मशीनमध्ये घातलं. डावं अंग कोरं करकरीत निघालं.

"औषध लागू पडतंय," बाई म्हणाल्या. "हेच चालू ठेवू."

रेश्मा रडता रडता हसली, हसता हसता पुन्हा रडली. सासऱ्यांकडं मात्र तिनं बघितलं नाही, आणि सुभेदारांना ते बरंच वाटलं.

उगाच शंका राहायला नको म्हणून बाईंनी मशीनच्या फळीवर नुसता रुमाल ठेवायला लावला. घडी घातलेला रुमाल एकटाच, सावकाश, मोठ्या इतमामानं आत निघाला. काचेपलीकडं सगळे उभे. काळ्या पडद्यावर लख्ख ठिपका उमटला.

"आज्या," साईराज कुजबुजला, "सावधान उभा ऱ्हा की. तुझा रुमाल चाललाय."

सुभेदारांनी टाचा जुळवल्या. मान तेवढी वर होईना.