चादरीखालचं टेबल

“ते मासे जरा बाजूला घे,” पुरिंग म्हणाली.

आगापिता मासळीवालीनं सुरी थांबवली नाही. “मॅम, मासे घ्यायचेत की नुसते बघायचेत?”

“टेबल बघायचंय.”

खवल्यांनी आणि खाऱ्या पाण्यानं लाकूड काळंठिक्कर पडलं होतं. पाय खालून कुजून आखूड झाले होते. पण कडेची कोरलेली वेल पुरिंगनं ओळखली. अकरा वर्षांपूर्वी तिनं हे टेबल भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवलं होतं, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या बदल्यात. “बाजारात कुणीतरी घेईल,” असं तो म्हणाला होता.

टेबल नारा लाकडाचं, आईच्या आजोबांनी स्वतः घडवलेलं. नानांगनं, म्हणजे पुरिंगच्या आईनं, त्याला जिवापाड जपलं. वर कायम हातमागाची जाड चादर, जमिनीपर्यंत लोंबणारी. ती कुणी उचलायची नाही. आणि सुतार म्हणून कुणाला जेवणघरात पाऊल टाकू द्यायचं नाही.

नानांग मुलाकडे होनोलुलूला गेली आणि वर्षाच्या आत पुरिंगनं काचेचं टेबल आणलं. शाळेतल्या सगळ्या शिक्षिकांकडे तसंच होतं. नानांगच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच चौकशी असे, टेबल ठीक आहे ना, चादर काढत नाहीस ना. पुरिंग लिहायची, तू ठेवलं होतंस तसंच आहे. पाकीट चिकटवताना दर वेळी तिला स्वतःची लाज वाटायची.

आता पुढच्या महिन्यात नानांग परत यायची होती.

“हे मला दे,” पुरिंग म्हणाली.

“आणि मी मासे काय मांडीवर कापू?” शेजारच्या बायका फिदीफिदी हसल्या. “माझ्या सासूनं ह्यावर कापले, मॅम. मी नवरी होऊन आले तेव्हाही हे इथंच होतं.”

आगापिताची थोरली मुलगी पुरिंगच्याच वर्गात शिकून गेली होती. भाव वाढवायला ही बाई काहीही बोलते, असं पुरिंगच्या मनात आलं. पण वाद घालायला तिला तोंड नव्हतं.

“बदल्यात काय देऊ?”

“तुमच्याकडे काचेचं आहे म्हणे. धाकटीच्या लग्नात मांडीन.”

पुरिंगनं त्याच दिवशी ते पाठवून दिलं.

म्हातारा सुतार बाल्दो टेबलाभोवती नाकाला रुमाल लावून फिरला. “मॅम, घरून भात आणा. असंच जेवून घेऊ.”

पण एक कोपरा तासल्यावर त्याची थट्टा थांबली. आतून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं होतं. तो बराच वेळ त्यावर अंगठा फिरवत राहिला.

“हे मासळीबाजारात टाकलं कुणी?”

“असेल कुणी मूर्ख,” पुरिंग खाली बघत म्हणाली.

“मूर्ख कसला? निर्लज्ज!”

पायांना त्यानं जुन्या नाराचेच तुकडे जोडले. पॉलिश पेपरला हात लावेना. इस-इसच्या झाडाची खरखरीत पानं ओली करून घासत बसायचा. शाळा सुटली की पुरिंगही शेजारी बसून घासायची. तिच्या बोटांची सालं निघाली. तिला त्याचं बरंच वाटायचं.

“एकही खिळा नाही बघा ह्यात,” एकदा बाल्दो म्हणाला. “सगळ्या लाकडी खुंट्या.”

“डाव्या पायाला होता, दादा. लहानपणी मला टायफॉइड झाला होता. त्यातून उठून शाळेत निघाले, तर पहिल्याच दिवशी त्यावर माझा झगा फाटला.”

“मग भोक तरी दिसलं असतं.”

पुरिंग पुन्हा घासू लागली. ज्याची कदर केली नाही, ते आपल्याला नीट आठवणार तरी कसं, असं तिला वाटलं.

“आणि हे माहीत होतं?” बाल्दोनं तिचा हात फळीखाली नेला. लाकडात एक लहानसा क्रूस कोरलेला होता, त्याच्याखाली तीन खोलगट टिंबं. “करणाऱ्याची खूण.”

तिला माहीत नव्हतं. त्या चादरीखाली हात घालायची कुणाची टाप होती!

टेबल घरी सोडताना बाल्दोनं दम भरला. “आता ह्यावर चादर घालाल, तर मी तुमच्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही.”

नानांग आली, मोठमोठी खोकी घेऊन. चॉकलेटं, साबण, डब्यातलं मांस, सगळं बाहेरच्या खोलीत पसरलं. शेजारणी गोळा झाल्या. अमेरिकेत जाऊनही गोरी काही झाली नाहीस, असं कुणीतरी म्हणालं आणि नानांग खूप हसली. मग काठी टेकत ती जेवणघराच्या दाराशी आली आणि थबकली.

“चादर कुठंय?”

“काढली, नानांग. बघ ना, किती सुंदर दिसतंय.”

नानांग हळूहळू जवळ गेली. उघड्या लाकडावरून तिनं हात फिरवला. मग तो हात फळीखाली गेला, न चाचपडता, नेमका त्या कोरलेल्या क्रूसावर, आणि तिथंच थांबला. तिचा चेहरा उतरला.

“तुम्ही सगळ्या जरा बाहेर बसता का?” ती शेजारणींना म्हणाली.

दार लागलं. कळलं हिला, पुरिंगला वाटलं. माशांचा वास राहिला असेल. नाहीतर कुणीतरी हिला पत्र लिहून कळवलं असेल.

“नानांग, मला माफ कर. मी...”

“तू कशाला माफी मागतेस?” नानांगची मान वर होत नव्हती. “तुझ्या टायफॉइडच्या औषधांसाठी मीच हे मासळीबाजारात विकून टाकलं, आणि ह्याच्यासारखंच दुसरं करवून चादरीखाली ठेवलं. जन्मभर तुम्हा सगळ्यांपासून लपवलं. तुला कधी कळलं गं?”