चाळिसाव्या दिवसाचा हलवा

हलवा थिजत आला, तरी एकही पाहुणा आला नव्हता. सनोबरला जाऊन आज चाळीस दिवस झाले होते.

तिचे पती मिर्झा अझदर दाराकडे बघत बसले होते. शमाखी गावात कुजबुज होती, की तिफ्लिसच्या मासिकात 'काटा' या नावानं गावाची टर उडवणारा कवी हाच. त्या कवितांत सगळ्यांत जास्त सोलला जायचा तो धान्याचा व्यापारी हाजी गुलामरझा. आज हाजी आला, तर गाव येणार होतं. नाही आला, तर सनोबरसाठी दुआ मागायला मिर्झा एकटेच.

हाजी सनोबरचा दूधभाऊ; दोघं एकाच दाईच्या दुधावर वाढलेली. दर गुरुवारी ती त्याच्याकडे झाकलेलं ताट घेऊन जायची. तरी कवितांसाठी गावच्या खबरा तीच आणायची. "हमामात न्हाताना बायका बोलत होत्या," म्हणायची. हाजीच्या तराजूखाली मेण चिकटवलेलं असतं, हेही तिनंच सांगितलं होतं. 'माझा भाऊ आहे, त्याला सोडा,' असं एकदाही म्हणाली नाही. तिचे हे उपकार मिर्झांनी तिला कधी बोलून दाखवले नव्हते.

बाहेर काठी वाजली. हाजी आत आला. त्याच्यामागे न्हावी, कसाई, सगळी गल्ली.

"दगडासारखा बसलायस काय? चहा कोण देणार, मी?" हाजी खेकसला. त्यानं हलवा तोंडात टाकला. "हा कुणी केला?"

"मी, हाजी."

"तरीच. बिचारी सनोबर सुटली."

लोक हसले. मग सगळ्यांनी हात पसरून तिच्यासाठी दुआ मागितली, हलवा संपवला आणि एकेक करून उठले. हाजी बसून राहिला.

मिर्झा म्हणाले, "हाजी, आज तुम्ही माझी लाज राखलीत. आता तुमच्यापासून लपवणं बरं नाही. तो काटा मीच. गावाबाहेर काढायचं तर काढा."

हाजीनं साखरेचा खडा चहात बुडवला आणि सावकाश चघळला.

"माझ्या तराजूखालचं मेण हमामातल्या बायकांना कुठून दिसणार, मिर्झा?"

मिर्झांनी चमकून वर पाहिलं.

"सगळं गाव माझ्या हाताचं चुंबन घेतं. तीच एकटी समोर बसून विचारायची, 'भाऊ, या आठवड्यात काय लबाडी केलीस?' मी सांगायचो, ती हमामाचं नाव करून तुझ्यापर्यंत पोचवायची." हाजीनं डोळे पुसले आणि कोनाड्यातली दौत मिर्झांपुढे सरकवली. "आज गुरुवार आहे. लिहून घे."